गाडीखाली जाण्याआधी: स्वस्त गॅरेज-सामानात बचत कुठे करावी, कुठे करू नये

आपल्या मोहल्ल्यांत गाडीदुरुस्तीचा हुनर जुना आहे. मुंबईतला कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, मालेगाव-भिवंडीतली रस्त्याकडेची गॅरेज असोत की तालुक्याच्या नाक्यावरचं पंक्चरचं दुकान, उस्तादाच्या हाताखाली पाने पुसता पुसता पोरं मिस्त्री झाली आणि त्या कमाईवर घरं चालली. आता यात आणखी एक वर्ग वाढला आहे. रिक्षावाले, टेंपोवाले, शाळेच्या व्हॅनचे चालक, जुनी मोटार घेतलेले नोकरदार, हे सगळे घरच्या घरीच गाडी उघडू लागले आहेत. गॅरेजची मजुरी वाचते, युट्यूबवर बघून काम समजतं आणि मोबाइलवर ऑर्डर केली की जॅक, ग्राइंडर, छोटा कॉम्प्रेसर चार दिवसांत दारात येतो.

स्वतःचं काम स्वतः करण्यात गैर काही नाही. स्वस्त सामान घेणंही गैर नाही; ज्याच्या खिशात जेवढं, तेवढंच तो खर्च करणार. पण काटकसर कोणत्या सामानात चालते आणि कोणत्या सामानात ती जिवावर बेतते, हे कळण्यासाठी आम्ही एक साधा प्रश्न सुचवतो. सामान विकत घेताना स्वतःला विचारा: हे हत्यार काम करता करता तुटलं, तर काय होईल?

स्क्रू ड्रायव्हरचं टोक झिजलं तर स्क्रू खराब होईल. पाना घसरला तर बोटं सोलतील. त्रास आहे, पण तो भरून निघतो. जॅक बसला, हवेची टाकी फुटली, ग्राइंडरची डिस्क उडाली किंवा मशीनच्या बॉडीत करंट उतरला, तर मात्र दुसरी संधी मिळत नाही. वजन, दाब, वेग आणि वीज या चार गोष्टी जिथे आहेत, तिथे स्वस्तातलं स्वस्त घ्यायचं नाही. बाकीच्या सामानात खुशाल बचत करा.

जॅक: उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही

हायड्रॉलिक जॅक पास्कलच्या नियमावर चालतो. बंद तेलावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. हँडलने आपण छोटा दट्ट्या दाबतो, तोच दाब मोठ्या दट्ट्यावर येतो, आणि त्याचं क्षेत्रफळ जास्त असल्याने जोरही तितक्या पटीने वाढतो. म्हणून एकटा माणूस मोटार उचलू शकतो. आम्ही वर्गात हा नियम शिकवतो तेव्हा गॅरेजवाल्यांच्या मुलांना तो पटकन कळतो, कारण जॅक त्यांनी रोज पाहिलेला असतो.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. उचललेली अख्खी गाडी त्या तेलावर उभी असते आणि ते तेल रबराच्या एका छोट्या सीलने अडवलेलं असतं. सील कापलं गेलं, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला किंवा आतला भाग नीट घासून बसवलेला नसला, की तेल मागे सरकतं. कधी ते हळूहळू सरकतं, गाडी तासाभरात दोन बोटं खाली येते. कधी सील एकदम जातं. स्वस्त जॅकमध्ये सील, पत्रा आणि वेल्डिंग या तिन्ही जागी पैसा वाचवलेला असतो, आणि या तिन्ही गोष्टी बाहेरून रंगाखाली झाकल्या जातात.

म्हणून जुने उस्ताद शागिर्दाला पहिल्याच दिवशी सांगतात की नुसत्या जॅकवर गाडी असेल तर खाली जायचं नाही. हा नियम महागड्या जॅकलाही लागू आहे. गाडी जॅकने उचलायची, मग खाली लोखंडी जॅक स्टँड लावायचे आणि गाडीचं वजन त्यांच्यावर उतरवायचं.

लहान मोटारीचं वजन 700 ते 900 किलो असतं. रिक्षासुद्धा तीन-साडेतीनशे किलोची असते. यातला थोडा भार जरी छातीवर आला तरी माणसाला श्वास आत ओढता येत नाही. हाड मोडलेलं नसतं, रक्त आलेलं नसतं, तरी काही मिनिटांत जीव जातो. एकटा माणूस गाडीखाली असेल तर तो ओरडूही शकत नाही.

स्टँडसुद्धा तपासूनच घ्यावा

कोणी म्हणेल, आम्ही स्टँड लावतो, मग काळजी कशाची? तर एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2020 साली अमेरिकेतील हार्बर फ्रेट या स्वस्त हत्यारांच्या मोठ्या साखळी दुकानाला आपले 3 टनी आणि 6 टनी जॅक स्टँड परत मागवावे लागले. संख्या साधारण 17 लाख होती. दोष काय होता? स्टँडची उंची ठरवणाऱ्या दात्यांमध्ये खटका पुरेसा खोल बसत नव्हता, त्यामुळे वजन असताना धक्का लागला तर स्टँड एकदम खाली बसू शकत होता. पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्ये वेल्डिंगचा दोष निघाला आणि तेही परत मागवावे लागले.

तिथे निदान ग्राहकाला कळलं, सामान परत घेतलं गेलं. आपल्याकडे नाव नसलेल्या डब्यातून आलेला, बिल नसलेला स्टँड सदोष निघाला तर तो कोण परत मागवणार? ज्याने विकला त्याला बनवणारा कोण हेच माहीत नसतं.

स्टँड घेताना दाते आणि खटका यांचा प्रकार असेल तर खटका प्रत्येक दात्यात पूर्ण बसतो का, ते हाताने वरखाली करून बघा. शक्यतो असा स्टँड घ्या, ज्यात आरपार भोकातून जाड पिन घालता येते. पिन तुटल्याशिवाय तो खाली येत नाही. पायाच्या वेल्डिंगवर नजर टाका; अर्धवट, तुटक किंवा फुग्यांची वेल्डिंग दिसली तर तो तिथेच ठेवा. आणि स्टँड नेहमी जोडीने घ्या.

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक याबद्दलही सांगायला हवं, कारण घरोघरी तेच वापरले जातात. भिंतीत हे ब्लॉक भार घेतात, कारण तिथे तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो. गाडीचा भार मात्र एका छोट्या लोखंडी कडेवरून येतो. त्या एका बिंदूवर वीट किंवा ब्लॉक कसलीही चाहूल न देता फुटतो. टणक लाकडाचा रुंद ठोकळा त्यापेक्षा कितीतरी बरा, कारण लाकूड आधी दबतं, करकरतं, आणि माणसाला सावध करतं.

रिक्षा कुशीवर आडवी करून खाली जुना टायर सारण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती वाईट नाही, पण रिक्षा परत उलटी येणार नाही यासाठी दोन्ही बाजूंनी अटकाव हवा, आणि त्या वेळी पेट्रोल किंवा बॅटरीचं पाणी सांडणार नाही हेही बघायला हवं.

एक बिनपैशाचा उपाय सांगतो. काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी गाडी चाकावर थांबेल आणि माणसापुरती जागा उरेल. यानंतर जमिनीवरच्या चाकांना मागेपुढे दगड लावा, हँडब्रेक ओढा, आणि खाली जाण्याआधी गाडीला बाजूने चांगला जोराचा धक्का देऊन बघा. पडायची असेल तर ती आपण बाहेर असताना पडू दे.

कॉम्प्रेसर: तळहाताएवढ्या पत्र्यावर मोटारीचं वजन

पंक्चरच्या दुकानातल्या टाकीत साधारण 8 बार दाब असतो. म्हणजे टाकीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर आतून जवळपास 8 किलोचा जोर. दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा घ्या, साधारण तळहाताएवढा; त्यावर 800 किलोच्या आसपास जोर झाला. एक लहान मोटार तळहातावर उभी आहे असं समजा. पत्रा हा जोर रात्रंदिवस सोसत असतो.

हा पत्रा बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतो. हवा दाबली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाशी साचतं. कोकणात आणि पावसाळ्यात तर कपभर पाणी सहज निघतं. म्हणून टाकीच्या खाली पाणी काढायची चावी दिलेली असते. ती रोज संध्याकाळी उघडायची असते. किती दुकानांत ती उघडली जाते? बऱ्याच ठिकाणी तर ती गंजून जाम झालेली असते. वरून नवा रंग आणि आतून कागदासारखा झालेला पत्रा, अशी ती टाकी एक दिवस फुटते.

पाण्याची टाकी फुटली तर पाणी सांडतं. हवेची टाकी फुटली तर स्फोट होतो, कारण दाबलेली हवा सुटताच कितीतरी पट पसरते आणि पत्र्याचे तुकडे घेऊन जाते. म्हणूनच टाकीची चाचणी हवेने करत नाहीत, पाणी भरून, दाब देऊन करतात. तिला हायड्रो टेस्ट म्हणतात. सेकंडहँड कॉम्प्रेसर घेत असाल तर ही टेस्ट करून घेतल्याशिवाय घेऊ नका. आणि दाब वाढला की आपोआप हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे का, ते कडी ओढून बघा. गळतो म्हणून तो काढून तिथे बोल्ट ठोकलेले आम्ही पाहिले आहेत. असा कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी नको.

जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि घरगुती गॅसचा रिकामा सिलिंडर जोडून घरी कॉम्प्रेसर करण्याचे व्हिडिओ खूप चालतात. ते करू नका. सिलिंडरला खाली पाणी काढायची सोय नसते. त्यात उरलेला गॅस असतो आणि नळी जोडण्यासाठी त्याला वेल्डिंग केलं तर तिथेच भडका उडू शकतो. शिवाय तो सिलिंडर तुमचा नसतोच. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो.

हवेच्या नळीशी मस्करी नको, हेही पोरांना बजावून सांगा. कपड्यांवरची धूळ उडवायला लोक नळी अंगावर धरतात. जखमेतून हवा आत गेली तर रक्तात शिरू शकते, डोळा जाऊ शकतो. गुदद्वाराजवळ नळी धरून केलेल्या थट्टेत आतडी फाटून जीव गेल्याच्या बातम्या आपल्या देशात एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत.

ग्राइंडर: डिस्कवर छापलेला आकडा वाचा

चार इंची ग्राइंडर रिकामा फिरताना मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. कापायच्या डिस्कवर तिची वेगमर्यादा छापलेली असते. बहुतेक चांगल्या डिस्कवर 80 मीटर प्रतिसेकंद असं असतं, म्हणजे डिस्कची कड ताशी 288 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळता कामा नये.

चार इंची डिस्क 11,000 फेऱ्यांवर ताशी 200 किलोमीटरच्या थोडं पुढे पळते. मर्यादेच्या आत आहे. आता कोणी कव्हर काढून, वॉशर घालून त्याच मशीनवर सात इंची डिस्क बसवली तर? फेरे तेवढेच, पण घेर मोठा. कड ताशी 370 किलोमीटरच्या पुढे जाते. सात इंची डिस्क त्यासाठी बनलेलीच नसते. तिच्यावर 8,500 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती फुटते, आणि कव्हर आधीच काढलेलं असल्याने तुकडे सरळ तोंडाकडे येतात.

डिस्क चिकटवणाऱ्या राळेचं वय असतं. तिच्या मधल्या धातूच्या चकतीवर महिना आणि साल छापलेलं असतं. ते उलटून गेलेली, ओल लागलेली किंवा खाली पडलेली डिस्क टाकून द्या. वेगाचा आकडा आणि तारीख दोन्ही नसलेली डिस्क घेऊच नका. कव्हर काढू नका, आणि डोळ्यांवर बाजूनेही झाकणारा गॉगल लावा. उन्हाचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. त्याची काच फुटली तर तीच डोळ्यात जाते.

वीज आणि बॅटरी

स्वस्त मशीनच्या वायरमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. भार आला की ती तापते. धातूच्या बॉडीच्या मशीनला तीन पिनांचा प्लग हवा, आणि तिसरी पिन खरोखर अर्थिंगला जोडलेली हवी. प्लग तोडून वायरची टोकं सॉकेटमध्ये काडीपेटीच्या काड्यांनी खोचण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. ओल्या फरशीवर, घामाच्या हाताने, गाडीच्या लोखंडाला पाठ टेकून बसलेल्या माणसाला विजेपासून वाचवणारं तिथे काहीच उरत नाही. ज्या लाईनवरून काम करता तिला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. गाडीखाली उजेडासाठी 230 व्होल्टचा बल्ब ओढून नेण्यापेक्षा चार्जिंगचा एलईडी दिवा वापरा.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं तरी एका ठिणगीने तो पेट घेतो. बॅटरी भरली की थांबायची सोय नसलेला स्वस्त चार्जर रात्रभर लावून ठेवला तर हायड्रोजन येतच राहतो. चार्जिंग उघड्या जागी करा, जवळ बिडी-सिगारेट नको, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर निदान 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवत राहा आणि मग डॉक्टरकडे जा.

दुकानात उभं राहून काय बघायचं

पॅकबंद सामानावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. हे नसलेला डबा ठेवून द्या. जॅकवर किती टन ते नुसतं मोठ्या अक्षरात छापलेलं पुरेसं नाही, सोबत माहितीपत्रक हवं. गाडीच्या वजनापेक्षा चांगली जास्त क्षमता असलेला जॅक आणि स्टँड घ्या. नवा जॅक आणल्यावर गाडी उचला, खाली कोणीही जाऊ नका, दट्ट्यावर खडूने खूण करा आणि पंधरा मिनिटांनी बघा. खूण सरकली असेल तर जॅक परत करा.

परत करायचं तर पक्कं बिल लागतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा आणि काही परिस्थितीत विकणाराही जबाबदार धरला जातो. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल नसेल तर मात्र हात बांधले जातात. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून बिल मागायला लाजू नका.

चांगलं सामान म्हणजे परदेशी सामान, असंही नाही. नाशिक, जालंधर, लुधियाना इथे बनलेली हत्यारं जगात जातात. फक्त त्यांच्या नावाची नक्कलही बाजारात असते, म्हणून निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नामांकित हत्याराकडे संशयाने बघा.

पैसे कमी असतील तर एकत्र या. एका गल्लीतल्या पाच-सहा जणांनी मिळून चांगल्या स्टँडची एक जोडी, एक नीट जॅक आणि एक तपासलेला कॉम्प्रेसर घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही. घरी गाडी उघडणाऱ्याला स्टँड वर्षातून चार-सहा वेळाच लागतो. बचत गट, मोहल्ला कमिटी यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

आणि खाली कोण जातं?

शेवटी ही गोष्ट, कारण आम्ही शिक्षक आहोत आणि आमच्या नजरेला आधी मुलं दिसतात. गाडीखाली अरुंद जागेत सरकायचं असेल तर "अरे छोटू, तू जा" असं म्हटलं जातं. घरी काम चालू असेल तर बापाला पाना देणारा मुलगा स्वतःच आत सरकतो. स्वस्त जॅक मोठ्यांनी घेतलेला असतो, पण त्याच्याखाली झोपतं ते लेकरू.

2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणं बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मुलाच्या शरीराला तेवढा भार सोसत नाही आणि धोका ओळखायचा अनुभवही त्याच्याकडे नसतो. ज्याला या कामाची खरी आवड आहे, त्याला दहावी करू द्या आणि आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्सला घाला. उस्तादाचा हुनर आणि आयटीआयचं सर्टिफिकेट दोन्ही हातात असलेला मुलगा कुठेही उपाशी राहत नाही.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या 18 ते 70 वयाच्या प्रत्येकाने बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरावा. वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. विमा अपघात थांबवत नाही, पण मागे राहिलेल्यांना उघड्यावर पडू देत नाही.

अपघात झालाच तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माणूस गाडीखाली दबला असेल तर त्याला ओढू नका. दुसऱ्या जॅकने किंवा चार-सहा माणसांनी गाडी उचला, खाली चाक सारा, मग त्याला बाहेर काढा आणि 108 ला फोन करा. करंट लागला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मग त्याला हात लावा.

या शुक्रवारी गॅरेज बंद असेल तेव्हा एक तास काढा. कॉम्प्रेसरची खालची चावी उघडून पाणी काढा, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघा, डिस्कवरच्या तारखा वाचा, जॅकला खडूची खूण करा आणि तुटका प्लग बदला. यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही. आणि जे सामान या तासाभरात नापास होईल, ते कोणाला विकू नका, भंगारात घाला. नाहीतर तोच जॅक दुसऱ्या मोहल्ल्यात दुसऱ्याच्या छातीवर बसेल.